चि. निखिलला, गाडीच्या इन्शुरन्सबद्दल

मुलुंड (पूर्व), मुंबई

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू इन्शुरन्सचा आकडा सांगितलास आणि बाबांनी लगेच त्याचे रुपये केले. महिन्याला ३८० कॅनेडियन डॉलर म्हणजे तेवीस हजारांच्या वर. वर्षाचा हिशेब झाल्यावर म्हणाले, "एवढ्यात इथे सेकंडहँड वॅगन-आर दारात उभी राहते." ते चालायचंच. पण त्यानंतर तू सहज बोलल्यासारखं जे बोललास, की ब्रॅम्प्टनला राहूनही अर्जावर मित्राचा किंग्स्टनचा पत्ता दिला तर हप्ता निम्म्यावर येतो, त्याचं उत्तर मी फोनवर दिलं नाही. सायली तुझ्या शेजारी होती, आणि दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून हे पत्र. तुझी आई निवृत्त होईपर्यंत फोर्टातल्या ऑफिसात मोटार क्लेमच्या फायली बघत होती, हे तू सोयीस्कर विसरतोस.

आधी तुझ्या रागाबद्दल. "इतकी वर्षं मुंबईत गाडी चालवली आणि इथे मला नवशिका समजतात," असं तू म्हणालास. मुंबईत गाडी चालवलेला माणूस नवशिका नसतो हे मलाही मान्य आहे. पण तिथल्या कंपनीने तुला चालवताना पाहिलेलं नाही आणि खरं सांगायचं तर इथल्या कंपनीनेही पाहिलेलं नाही. आपल्याकडे इन्शुरन्स गाडीचा असतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, दर सरकार ठरवतं, तोही इंजिनाच्या सीसीवर. जून २०२२ पासून लागू झालेले दर बघ: १००० सीसीच्या आतल्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. स्टिअरिंगवर काल लायसन्स मिळालेला पोरगा बसणार की तीस वर्षं चालवणारा, हे त्या दरात कुठेच येत नाही. ओन डॅमेजला, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीला, गाडीचं वय, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि शहर बघतात. मुंबई, पुणे आणि आणखी सहा शहरं झोन ए, बाकी सगळा देश झोन बी. त्या दोघांतला फरक एवढा किरकोळ की त्यासाठी कोणी पत्ता बदलल्याचं मला आठवत नाही.

तुझ्याकडे ऑन्टॅरिओत इन्शुरन्स चालवणाऱ्याचा असतो. वय, तिथला अनुभव, आधीचे क्लेम, दंडाच्या पावत्या, गाडीचं मॉडेल आणि ती रात्री ज्या पोस्टल कोडात उभी राहते तो भाग, एवढं सगळं बघून कंपनी दर काढते आणि एफएसआरए हा नियामक तो मंजूर करतो. ब्रॅम्प्टन तिथल्या सगळ्यात महाग भागांपैकी आहे. त्यात तुमच्याकडच्या गाडीचोऱ्या. होंडा सीआर-व्ही, टोयोटा हायलँडर अशा गाड्या रात्री दारातून उचलायच्या, कंटेनरमध्ये घालायच्या आणि मॉन्ट्रियलच्या बंदरातून परदेशी पाठवायच्या, हा तिथला धंदाच आहे. तू सीआर-व्ही बघतोयस ना? मग आधी त्याच ब्रोकरला साध्या सेडानचं कोटेशन विचार. गाडी पसंत करायची, मग इन्शुरन्स काढायचा, हा आपला क्रम तिथे उलटा कर.

आणि त्या पैशांत तुला मिळतं काय, तेही बघ. ऑन्टॅरिओत चूक कोणाचीही असो, जखमी माणसाच्या उपचारांचे, फिजिओचे, देखभालीचे पैसे मुख्यतः त्याच्या स्वतःच्या पॉलिसीतून निघतात. किरकोळ दुखापतीला मर्यादा कमी असते, पण त्यावरच्या दुखापतीला ६५,००० डॉलरपर्यंत आणि आयुष्यभराचं अपंगत्व येईल अशा दुखापतीला १० लाख डॉलरपर्यंत. आपल्याकडे तोच माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. वकील तारखा घेत राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीने गुणायचं ते, ठरवून दिले, त्यामुळे रकमेचं गणित सोपं झालं, पण ती रक्कम हातात पडेपर्यंत घरातली मुलं शाळेतून कॉलेजात गेलेली मी पाहिली आहेत. आपला २,०९४ रुपयांचा हप्ता स्वस्त आहे, त्यात हेही आलं.

आता तुझा अनुभव. तू कॉलेजपासून बाबांची सँट्रो फिरवलीस. पुण्याला, अलिबागला, गणपतीत गावी. पण ती पॉलिसी बाबांच्या नावावर, नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याची सूट, बाबांचा. त्या सगळ्या वर्षांत तू कुठल्याच कागदावर नव्हतास. कागदावर आलास तो २०१८ मध्ये स्विफ्ट स्वतःच्या नावावर घेतलीस तेव्हा. म्हणजे सांगताना ती सगळी वर्षं, आणि दाखवायला फक्त स्विफ्टची. ती तरी नीट दाखव. वकिलातीच्या पत्रामुळे तुला थेट 'जी', म्हणजे पूर्ण लायसन्सची टेस्ट देता आली, पण ते लायसन्स देणाऱ्या खात्याचं काम. त्यांनी अनुभव धरला म्हणून इन्शुरन्स कंपनीही धरेल असं नाही. बऱ्याच कंपन्या फक्त कॅनडा-अमेरिकेचाच रेकॉर्ड मोजतात, काही बाहेरचाही मोजतात. प्रत्येक कोटेशनच्या वेळी हे तोंडाने विचारायचं. ब्रोकर आपणहून सांगेल या भरवशावर राहू नकोस.

मी तुझ्या इथल्या कंपनीकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घेतलं आहे. त्यात प्रत्येक वर्षाचा पॉलिसी नंबर, तारखा, गाडीचा नंबर, तुझं पासपोर्टवर आहे तसंच नाव, आणि क्लेम निरंक असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आधी त्यांनी नुसतं "५० टक्के एनसीबी" असं एका ओळीचं पत्र काढलं होतं, ते मी परत केलं. तिथल्या माणसाला क्लेम नसलेल्या दर वर्षी चढणारी आपली २०, २५, ३५, ४५, ५० टक्के ही शिडी कशी कळणार? तारखा आणि क्लेम मात्र कोणालाही कळतात. गाडी विकल्यावर एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र वेगळं घेतलंय. ते तीन वर्षं चालतं. मध्येच परत आलास आणि इथे गाडी घेतलीस तर उपयोगी पडेल. तेवढ्यासाठी परत ये असं म्हणत नाहीये.

आता किंग्स्टन.

तुझा मित्र म्हणतो "सगळेच करतात". हे वाक्य मी टेबलाच्या या बाजूला बसून खूप ऐकलंय. एक फाइल सांगते. परळचे एक गृहस्थ, पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी. गणपतीत एसटी आणि ट्रेन फुल्ल, म्हणून चाळीतल्या माणसांना भाडं घेऊन गावी सोडायचे. कशेडी घाटात गाडी कठड्याला घासत गेली. माणसं वाचली, गाडीचा चुराडा. क्लेम फॉर्मवर लिहिलं, "मित्रमंडळींसह प्रवास". पण पोलिसांनी तिथेच जबाब घेतले होते आणि त्यात एका म्हातारबाबांनी सरळ सांगितलं होतं की माणशी किती दिले आणि परतीचे किती ठरले. खासगी पॉलिसीत भाड्याने वापर चालत नाही, हे पॉलिसीवर छापलेलं असतं. क्लेम नामंजूर झाला. ते गृहस्थ ऑफिसात येऊन पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "मॅडम, मी एकही हप्ता चुकवलेला नाही." खरंच चुकवलेला नव्हता. गाडीवर कर्ज होतं, ते मात्र तसंच राहिलं.

तुझ्याकडचा कायदा याहून मऊ नाही. ऑन्टॅरिओच्या इन्शुरन्स अ‍ॅक्टचं २३३ वं कलम काढून वाच. अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर तुझा क्लेम अवैध ठरतो. आणि खोटं उघडं पडायला कोणी गुप्तहेर लागत नाही. तुझं लायसन्स ब्रॅम्प्टनच्या पत्त्याचं आहे. पत्ता बदलला तर तो सहा दिवसांत कळवावा लागतो, म्हणजे किंग्स्टनचं खोटं टिकवायला सरकारी खात्याकडेही खोटं बोलायचं. नोकरी मिसिसागाची. ४०७ हायवेच्या टोलची बिलं रोज सकाळ-संध्याकाळची. क्लेम बघणाऱ्या माणसाचं पहिलं काम असतं फॉर्म आणि बाकीचे कागद शेजारी शेजारी ठेवणं. मी तेच करायचे. तीन तासांवरच्या गावातली गाडी रोज मिसिसागाला कशी, हे कळायला त्याला पहिल्या चहाइतकाही वेळ लागणार नाही.

आणि नुसती गाडी गेली तर मी म्हणेन जाऊ दे. पण बर्फावरून घसरून तू कोणाला धडकलास तर? समोरच्याला कंपनी किमान रक्कम देईलही, पण नंतर ती तुझ्याकडून वसूल करायला येईल. पॉलिसी रद्द झाल्याचा डाग वेगळाच. मग नेहमीच्या कंपन्या दार लावतात आणि कोणीच विमा देत नाही त्यांच्यासाठी असलेल्या फॅसिलिटी असोसिएशनच्या महागड्या पॉलिसीवर यावं लागतं. आजचे ३८० डॉलर तेव्हा तुला स्वस्त वाटतील. याच कारणासाठी बँकेत हप्त्याच्या तारखेला पैसे ठेवत जा. हप्ता परत गेला की पॉलिसी रद्द होऊ शकते आणि ते रेकॉर्डवर राहतं.

तोच मित्र शनिवार-रविवार गाडीवरून जेवणाची डिलिव्हरी करतो म्हणालास. त्याने ते कंपनीला कळवलंय का, एवढंच विचार त्याला. तू कधी त्याच्या नादाने करणार असशील तर आधी ब्रोकरला मेल, मग पहिली ऑर्डर.

खर्च सरळ मार्गाने कमी करायला बरंच आहे. एकाच ब्रोकरवर थांबू नकोस. ब्रोकर आरआयबीओकडे, म्हणजे तिथल्या ब्रोकरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेला आहे ना ते बघ, कारण तुमच्या त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्वस्तात पिंक स्लिप (विमा असल्याचा कागद) विकणारे फिरतात आणि ती स्लिप खोटी निघाली तर तू विनाविमा चालवतोस असंच धरतील. पहिल्याच वेळी ५,००० ते २५,००० डॉलर दंड आहे. विंटर टायरवर सवलत देणं तिथल्या कंपन्यांना जानेवारी २०१६ पासून बंधनकारक आहे, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. भाड्याच्या घराचा इन्शुरन्स आणि गाडीचा एकाच कंपनीत घेतला तर सूट मिळते. ऑफिसची ग्रुप स्कीम आहे का, एचआरला विचार. फोनवर अ‍ॅप टाकून ब्रेक कसा मारतोस ते मोजणाऱ्या पॉलिसीबद्दल माझं मत विचारशील तर पहिल्या वर्षी घे. तुझ्याकडे दाखवायला तिथला रेकॉर्डच नाही, तर तो तयार तरी होईल. डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली आपण स्वतः भरायची रक्कम, वाढवायचा असेल तर तेवढे पैसे बाजूला पडलेले असतील तरच.

दोन ठिकाणी मात्र कात्री लावू नकोस. थर्ड पार्टीची कायद्याने किमान मर्यादा २ लाख डॉलर आहे. ती अजिबात पुरणारी नाही. १० किंवा २० लाखांची घे. वरचा फरक थोडाच असतो. दुसरं, १ जुलै २०२६ पासूनच्या नियमांत अपघातानंतर बुडालेल्या पगाराची भरपाई ऐच्छिक झाली आहे. ती काढून टाकली की हप्ता कमी दिसतो. सायलीची नोकरी लागेपर्यंत तुमचं घर तुझ्या एकट्याच्या पगारावर आहे, तेव्हा ती राहू दे. आठवड्याला ४०० डॉलर ही मूळ मर्यादाही तुमच्या घरभाड्यापुढे कमीच आहे.

सायलीचं नावही कळव. घरात ज्याच्याकडे लायसन्स आहे त्या प्रत्येकाची माहिती कंपनीला द्यावी लागते. ती "कधीतरीच" चालवणार असली तरी. तुझ्यासारखं तिचं व्हायला नको. तिची वर्षं पहिल्या दिवसापासून कागदावर येऊ देत.

बाबांचं मत असं की गाडीच घेऊ नये, बसने जावं. त्यांच्या डोळ्यांसमोर मुलुंड डेपोची बेस्ट आहे. उणे पंधरात दोन बस बदलणं काय असतं ते त्यांना मी समजावते, तू त्यात पडू नकोस.

सहीपूर्वी अर्जाची सगळी पानं स्कॅन करून पाठव. पहिलं पान नाही, सगळी. गाडी रोज किती किलोमीटर जाते, ऑफिसला नेणार का, रात्री कुठे ठेवणार, हे रकाने ब्रोकर अंदाजाने भरतात आणि सही तुझी असते.

सायलीला आशीर्वाद.

तुझी
आई

ता. क. स्विफ्टच्या आरसीवर परिवहनच्या साइटवर अजून तुझंच नाव दिसतंय. ज्याला विकलीस त्याला आज फोन कर. आरसीवर नाव ज्याचं, अपघाताची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. वडाळा आरटीओत जायला मी तयार आहे, पण ट्रान्सफरच्या फॉर्मची तुझ्या सहीची प्रत मला घरात सापडत नाहीये. फास्टॅगही बंद कर, त्याचे टोलचे मेसेज अजून बाबांच्या फोनवर येतात.