जोकरच्या तोंडावरचे व्रण

ठाणे,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिन्या,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. फोनवर उत्तर द्यायला गेलो असतो तर तिसऱ्या वाक्याला तू मला तोडलं असतंस, म्हणून लिहूनच पाठवतोय. आता निमूट वाच.

तुझं म्हणणं असं, की ज्या खलनायकाला भूतकाळ नाही तो पुठ्ठ्याचा. तो असा का झाला, हे कळलंच पाहिजे. पुरावा म्हणून तू २०१९चा ‘जोकर’ पुढे केलास, बॅटमॅनचा वैरी जोकर कसा घडला ते सांगणारा सिनेमा. त्यात जोकर झालेल्या वाकिन फिनिक्सबद्दल वाद नाही. ती हसण्याची उबळ बघून माझाच घसा दुखायला लागला होता. सरकारी मदत बंद, गोळ्या बंद, त्यात आईची जुनी फाइल हाती लागते. सगळं काळजाला भिडतं. पण बाहेर पडताना मला आर्थर फ्लेकची, म्हणजे जोकर होण्याआधीच्या त्या माणसाची, कीव येत होती, जोकरची भीती वाटत नव्हती. असा माणूस समोर आला तर बॅटमॅन त्याला मारेल की रिक्षात घालून डॉक्टरकडे नेईल?

आता २००८चा ‘द डार्क नाइट’ आठव. आपण दोघं, पुढून चौथी रांग, मान मोडलेली. हीथ लेजरचा जोकर तोंडावरच्या व्रणांची गोष्ट सांगतो. गँबोल नावाच्या गुंडाच्या टोळीत सांगतो की बाप दारुडा होता, त्यानं सुरी चालवली. तू माझ्या कानात म्हणालास, “बघ, म्हणून असा झालाय.” थोड्या वेळानं तो बॅटमॅनच्या मैत्रिणीला, रेचलला सांगतो की बायकोसाठी मीच तोंडात ब्लेड घातलं. तेव्हा तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता! शेवटी बॅटमॅनसमोर तिसऱ्यांदा तीच सुरुवात करतो, तर बॅटमॅन ऐकूनच घेत नाही, मनगटावरची पाती सोडतो. पोलिसांकडेही काही नाही. बोटांचे ठसे जुळत नाहीत, कपड्यांना लेबल नाही, खिशात चाकू आणि कापसाची लव.

गंमत अशी, की आपल्याला कारण हवं असतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आपली ती भूक तो सुरीसारखी वापरतो. तिथे खरं बालपण दाखवलं असतं तर ती सुरी बोथट झाली असती.

आणि जोकर हा मुळात असाच चालत आलेला माणूस आहे. कॉमिकमध्ये तो १९४० साली आला. रसायनात बुडून चेहरा बदलल्याची गोष्ट त्याला चिकटली १९५१ साली. मधली अकरा वर्षं तो नुसता वाईट होता आणि त्याचं काही अडलं नाही. लेखक अ‍ॅलन मूरनं १९८८च्या ‘द किलिंग जोक’ या कॉमिकमध्ये त्याला गरोदर बायको, फसलेली विनोदगिरी, सगळं दिलं आणि मग त्याच्याच तोंडून वदवलं की मला माझा भूतकाळ कधी असा आठवतो, कधी तसा. दिलेलं परत काढून घेतलं!

पण मी आंधळा विरोधक नाही हं. ‘एक्स-मेन’मधल्या खलनायकाचं, मॅग्नेटोचं काय, हे तू विचारणारच. २०००च्या त्या सिनेमाची सुरुवात आठव. १९४४, पोलंड, पाऊस, छळछावणीच्या रांगेत आईबापांपासून तोडलेला पोरगा आणि त्याच्या आकांतानं वाकत जाणारं लोखंडी फाटक. जेमतेम दोन-तीन मिनिटं. पुढे सिनेटर केली म्हणतो, म्युटंट लोकांची, म्हणजे मॅग्नेटोसारख्या जन्मजात अचाट शक्ती असलेल्यांची, नोंदणी करा. आता ज्यानं ती रांग पाहिलीय, त्याला याद्यांची भीती का वाटते, हे वेगळं सांगावं लागतं का? तिथे बालपण काढलंस तर माणूसच उरत नाही.

‘ब्लॅक पँथर’मधल्या खलनायकाचं, किलमाँगरचंही तसंच. १९९२, ओकलंड. वाकांडाचा राजा स्वतःच्या भावाला मारतो आणि पोरका पुतण्या, म्हणजे हाच किलमाँगर, तिथेच टाकून जातो. हे कळल्यावर त्या राजाचा मुलगा, नायक टी’चाला, मेलेल्या बापाला दृष्टांतात तोंडावर सांगतो की तुम्ही चुकलात. शेवटी देशाचं दार उघडतो.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, पोरांचे बॉल जप्त करतात. परवा कळलं, लहानपणी त्यांच्या वडिलांनी त्यांना कधी मैदानावर जाऊ दिलं नाही. झालं! तेव्हापासून मला त्यांच्याशी धड भांडता येत नाही. खलनायकाची गोष्ट अशी हवी बघ, नायकाचे हात बांधणारी. आपल्याला हुंदका यावा म्हणून नको. ‘स्पायडरमॅन ३’मध्ये सँडमॅन या वाळूच्या खलनायकाला आजारी मुलगी होती, वाळूतून पुन्हा उभं राहण्याचा तो सुंदर प्रसंग होता. तेवढं पुरे होतं. पण नाही, नायकाच्या बेनकाकांच्या खुनातही त्यालाच ओढला. १९८९च्या ‘बॅटमॅन’मध्येही तेच, ब्रूसच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, आईबापांचा खुनी म्हणे जोकरच. एवढ्या मोठ्या गॉथम शहरात दुसरा गुंड मिळाला नाही?

असो. हात दुखला. दिवाळीत नाशिकहून येशील तेव्हा ‘डार्क नाइट’ पुन्हा लावू. माझी डीव्हीडी बारा वर्षं तुझ्याकडे आहे. ती परत का केली नाहीस याची मागच्या वेळी एक गोष्ट सांगितलीस, त्याआधी दुसरीच. आता तिसरी नको, डीव्हीडी आण.

वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
बाळ्या