बुरशी नंतर पूस, आधी पाणी शोध

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

घरातल्या भिंतींवरच्या डागांचे तू पाठवलेले तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. ठिपके तिन्हीकडे काळेच आहेत, पण तिथवर पोचलेलं पाणी तीन वेगळ्या वाटांनी आलंय, म्हणून इलाजही तीन वेगळे करायचे आहेत. बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात, ते कुठल्याच घरातून हद्दपार होत नाहीत. खायला तिला रंग, लांबी (रंगाखालची पुट्टी), प्लायवुड, कागद, नुसती धूळसुद्धा पुरते. आपल्या हातात राहतं ते एकच, पाणी. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता काही दिवस सलग ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. पाण्याचा बंदोबस्त न करता नुसती पुसलीस तर पंधरा दिवसांत ती त्याच जागी परत येईल.

पुसायच्या आधी ती बुरशीच आहे ना, ते बघून घे. पॅसेजच्या भिंतीवर पांढरं, कापसासारखं फुललंय त्यावर पाण्याचा थेंब सोड. विरघळलं तर तो लोणा, म्हणजे विटा-सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर वर आलेत. काळ्या डागावर ब्लीचचा थेंब टाक. एक-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर काजळी किंवा मळ. देवघराच्या वरचा काळा पट्टा निरांजनाच्या काजळीचा असावा असं मला वाटतं, त्याची काळजी करू नकोस.

आता पहिला फोटो, हॉलची पश्चिमेची भिंत. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पावसाचा सगळा मारा त्या भिंतीवर होतो. डाग खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून सुरू झालेत, म्हणून आधी खिडकीच तपास. सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोकं असतात. ती धूळ आणि कबुतरांच्या घाणीने बुजतात, मग पट्टी भरते आणि पाणी आत भिंतीत उतरतं. जुना टूथब्रश आणि तारेने भोकं मोकळी कर आणि पट्टीत एक मग पाणी ओत. मिनिटभरात ते बाहेर पडायला हवं. चौकट आणि भिंत यांच्यातलं सिलिकॉन कुठे सुटलंय का तेही नखाने दाबून बघ.

खिडकी ठीक निघाली तर दोष बाहेरच्या प्लास्टरच्या भेगांत किंवा छज्जात आहे. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर पाणी खालून उलटं वाहत भिंतीकडे येतं. हे काम बाहेरूनच व्हायला हवं. रंगारी आतून वॉटरप्रूफ रंग मारून देतो म्हणेल, त्याला नको म्हण. पाणी मागून रेटत असतं, त्यामुळे आतला थर आधी फुगतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात आणि भिंत त्यामागे ओलीच राहते. बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीच्या दुरुस्तीचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीचा असतो. घर भाड्याचं आहे, तेव्हा मालकांना फोटो आणि तारखांसह लिहून कळव आणि त्यांच्यामार्फत सोसायटीला अर्ज जाऊ दे. काम ऑक्टोबरनंतरच होईल, पण अर्ज आत्ताच द्यायला हवा, कारण ओल दिसते ती आत्ता.

दुसरा फोटो बाथरूमलगतच्या पॅसेजचा. ओल गुडघ्याच्या उंचीपर्यंतच आहे, म्हणजे पाणी खालून चढतंय. ओलीच्या कडेवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिही. दोन दिवस घरात नसाल तेव्हाही रेघ पुढे सरकली तर भिंतीतला नळाचा पाइप गळतोय, कारण त्यात पाणी सतत दाबाखाली असतं. अंघोळींच्या दिवशीच सरकत असेल तर दोष लाद्यांच्या सांध्यांत किंवा नहाणीच्या, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीच्या, तोंडाशी आहे. खात्री करायला प्लास्टिक पिशवीत फडकं गुंडाळून नहाणीचं तोंड घट्ट बंद कर आणि जमिनीवर इंचभर पाणी २४ तास साठव, उंबरठ्याच्या खालीच राहील इतपत. खालच्या मजल्यावाल्यांना आधी सांगून ठेव, त्यांच्या छताला पाझर फुटू शकतो. सांधे दोषी ठरले तर जुनं सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घे आणि कारागीर सांगेल तितका वेळ, निदान २४ तास, बाथरूम कोरडं ठेव. पांढऱ्या सिमेंटने सांधे भरून देणारे स्वस्तात करतात, पण ते वर्षभरात पुन्हा सुटतात.

तिसरा फोटो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, छोट्या खोलीतल्या कपाटामागची भिंत. तिथे ना पाइप, ना बाहेरची बाजू. पलीकडे तुमची एसीची खोली आहे. जुलैत बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा २५ अंशांच्या आसपासच्या कुठल्याही पृष्ठभागावर हवेतलं पाणी सुटायला लागतं. रात्रभर एसी १८ वर चालला की मधली भिंत त्या २५ अंशांहून गार होते, आणि कपाटामागे वारा लागत नसल्याने आलेली ओल सुकत नाही. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तेच इथे भिंतीला होतंय.

हे माझं अनुमान आहे, ते असं तपासून घे. फूटभर चौरस अॅल्युमिनियम फॉइल भिंतीवर लाव, चारी कडा टेपने घट्ट बंद कर, दोन दिवसांनी काढ. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला असतील तर भिंतीतून येणारं. हॉलच्या भिंतीवरही एक लाव.

हवेतलं पाणी ठरलं तर एसी २५-२६ वर ठेव आणि सकाळी तो बंद केल्या केल्या खिडकी उघडू नकोस. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढ. दादा लंडनहून सांगतो की खिडक्या उघड्या ठेवा. त्याच्याकडे ते बरोबर आहे, कारण हिवाळ्यात ५ अंशांच्या हवेत घनमीटरला सात ग्रॅमही पाणी मावत नाही, आत येऊन तापली की ती कोरडी होते. वसईतल्या जुलैच्या हवेत घनमीटरला २३ ग्रॅम असतं. दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तर ते सगळं घरात येतं. स्वयंपाक आणि अंघोळीनंतरची वाफ मात्र एक्झॉस्ट फॅनने वीसेक मिनिटं बाहेर काढायचीच.

कपडे छोट्या खोलीत वाळत घालतेस ते थांबव. मशीनभर पिळलेल्या कपड्यांत दोनेक लिटर पाणी असतं आणि ते सगळं त्या खोलीच्या हवेत जातं. गॅलरीत जागा नसेल तर बाथरूममध्ये, दार बंद आणि एक्झॉस्ट चालू ठेवून वाळव.

शेदोनशे रुपये जास्त पडले तरी एक डिजिटल आर्द्रतामापक घे. तो खरा दाखवतो का ते घरीच कळतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चिखलासारखं होईल इतकं पाणी घाल, मापकासोबत बंद झिपच्या पिशवीत आठ तास ठेव. आकडा ७५ यायला हवा. ८० आला तर नेहमी पाच वजा करून वाच. घरात ६० च्या खाली राहिलं तर बुरशी धरत नाही. तिथवर येत नसेल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र, घ्यावा लागेल, कॉम्प्रेसरवाला, आणि चालवताना दारं-खिडक्या बंद. पाण्याची टाकी रोज उपसण्यापेक्षा नळी नहाणीत सोड. तो खोली थोडी गरम करतो, हे माहीत असू दे. कपाटात ठेवायच्या ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराईडच्या डब्या बंद कपाटातच उपयोगी पडतात, उघड्या खोलीत नाहीत. त्यात जमलेलं पाणी जरीवर किंवा चामड्यावर सांडू देऊ नकोस. डांबरगोळ्यांनी कसर जाते, बुरशी नाही.

आता पुसण्याचं. हे काम तू कर, निखिलने अजिबात करू नये. त्याला दमा आहे, त्या वेळी तो घराबाहेरच असू दे. एन९५ मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना बंद चष्मा घाल, पंखा बंद कर. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने खरवडू नकोस, बीजाणू घरभर उडतात. आधी फवाऱ्याने जागा ओलसर कर. रंगवलेल्या भिंतीला लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड पुरतं. फडकं पिळून घे, एका दिशेने पूस, प्रत्येक वेळी घडी बदल, खळबळायला दुसरी बादली ठेव. सुटणारे पापुद्रे ओले असतानाच रंगाऱ्याच्या पत्रीने काढ. फडकी पिशवीत बांधून टाकून दे. मग भिंत पंख्याने पूर्ण सुकव.

ब्लीच फक्त लाद्या आणि काचेसाठी, लिटर पाण्यात ६० मिली, दहा मिनिटं ठेवून धुऊन टाक. प्लास्टरवर ते वरचा रंग उडवतं, आतली बुरशी तशीच राहते. मेलेली बुरशीही दम्याला त्रास देतेच, म्हणून ती पुसून काढणं महत्त्वाचं. आणि हे नीट लक्षात ठेव. ब्लीचबरोबर संडासाचं अॅसिड, हार्पिक किंवा व्हिनेगर कधीच नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर खिडकीच्या मार्बलवर आणि कोटा फरशीवरही नको, दगड खातं. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये आत शिरलेला काळेपणा निघत नाही, ते कापून नवं भरावं लागतं.

डाग तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा झाला, किंवा गादीत वास शिरला, तर स्वतः हात घालू नकोस. गादी टाकून दे, तिच्यासाठी पैसे मी पाठवतो.

रंग आत्ता नको. बाहेरची दुरुस्ती होऊन नवं प्लास्टर २८ दिवस सुकल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये लांबी आणि रंग करू. मालक गणपतीआधी रंग काढून देतो म्हणतील, तरी थांबव.

फॉइल आज रात्री लाव आणि परवा काढशील तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. पॅसेजच्या रेघेचाही एक, तारीख दिसेल असा.

तुझे,
बाबा