रंगारी शेवटी बोलवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कागदाच्या लगद्याचे मोठाले प्राणी ‘नव्याने रंगवले’ अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. फोटोत प्राणी चकचकीत दिसतो आणि पहिल्याच दमट हवेत त्याच्या पोटाला पुन्हा पोपडे सुटतात. नाटकांच्या नेपथ्यासाठी मी आयुष्यभर लगदाकाम केले, म्हणून हा पत्रप्रपंच.

अलीकडे एका सभागृहातला जिराफ दाखवायला मला नेले होते. मानेला आडवी भेग, तिच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वर ऑइलपेंटचे थरावर थर. भेग दरवेळी तिथेच का पडते, हे कुणी विचारलेच नव्हते. पोटाशी भोक पाडून हात घातला, तर मानेची लाकडी पट्टी खांद्याशी खिळखिळी. मुले मान धरून लोंबकळतात, सांगाडा हलतो, वरचा कागद फाटतो. ती पट्टी नट-बोल्टने आवळल्याशिवाय वरून काहीही भरा, फुकट! शिवाय कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. प्लास्टर मात्र ताठ, म्हणून त्याच्या कडेने जोड सुटतोच.

अशा प्राण्याला आधी बोटाने टकटक करून सगळीकडून वाजवून बघावे. जिथे आवाज भद्द येतो तिथे थर सुटलेत किंवा आत ओल आहे. तिथे पालथ्या हाताला गार लागले तर ओलच. तेवढा भाग कापून काढायचा, आत पंख्याचा वारा सोडायचा आणि तो पुरता वाळेपर्यंत थांबायचे. हे थांबणेच कुणाला नको असते.

नवे थर वर्तमानपत्राचेच द्यावेत. ते कात्रीने कापू नयेत, हाताने फाडावेत. फाटलेली कड पातळ असते, जोड दिसत नाही. (आपल्या रविवारच्या गुळगुळीत पुरवण्या मात्र खळ पीत नाहीत, क्षमस्व.) मैद्याची खळ चिकटते छान, पण बुरशीला आणि कसरीलाही तीच आवडते. तिच्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची जुनी रीत आहे. पण ते विष, मुलांचे हात लागतात तिथे नको. मी पांढरा सिंथेटिक गोंद पाण्यात सैल करून वापरतो. एका वेळी दोन-तीनच थर. ते वाळल्याशिवाय पुढचे नाहीत.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. त्यात शिसे असू शकते. मास्क लावून ओल्या पॉलिश पेपरने घासावा, तेही हलक्या हाताने, म्हणजे खालचा कागद भिजत नाही. सांगाड्यावरची तारेची जाळी गंजली असेल तर प्रायमरमधूनही तांबूस डाग वर येतात. त्यांवर आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचा हात द्यावा. मग प्रायमर आणि अॅक्रिलिक रंग.

आणि रंगाऱ्यांनो, जिराफाच्या अंगावर गोल ठिपके नसतात हो! फुटक्या फरशीसारखे कोनदार डाग असतात, मध्ये फिक्या रेषा. त्या जिराफावर वरचा रंग खरवडला तेव्हा खाली मूळ कारागिराने काढलेले असलेच सुरेख डाग निघाले. नंतरच्यांनी त्यांचा बिबट्या केला होता. म्हणून घासण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्या आणि खाली जुने काम दिसले तर ते ट्रेसिंग पेपरवर उतरवून ठेवा.

संस्थांना एवढीच विनंती, की उद्घाटनाची तारीख आधी ठरवून काम देऊ नका. लगदा वाळला, की मग पत्रिका छापा.

आपला,
एक जुना लगदाकाम कारागीर