देव बरें करूं, दादा

दादा, नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण फोंड्यातली जुन्या गाड्यावाली मंडळी ओळखतीलच तुम्हाला. आमची गाडी दुरुस्त केलीत त्या दिवशी नीट थँक्यू पण म्हणालो नाही, घसा भरून आला होता, आता लिहितोय.

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी १९८४ ची. बाबांनी घेतली तेव्हापासून घरातलीच एक. गेले आठ महिने तिचं एकच रडगाणं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की धडधडायची नि बंद पडायची. तिस्कावर भर ट्रॅफिकमध्ये तीनदा बंद पडली, मागून हॉर्नवर हॉर्न, आणि बाबा शेजारच्या सीटवर मान खाली घालून बसलेले, जणू चूक त्यांचीच.

तीन ठिकाणी दाखवली. एकाने स्लो, म्हणजे पाय काढल्यावरची इंजिनची चाल, सेट करतो म्हणून रेसच इतकी वाढवली की गाडी उभी असतानाही पळायला बघायची. दुसऱ्याने हवा नि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर दोनदा खोलून साफ केला नि दोनदा पैसे घेतले. तिसरा म्हणाला हा सोलेक्स कार्ब्युरेटरच फेकून द्या, मारुतीचा बसवतो. आणि वर बाबांच्या तोंडावर, ‘भंगारात घाला हो काका, कशाला जीव लावता’. बाबा घरी आल्यावर जेवले नाहीत, हे त्याला कुठे माहीत असणार.

तुम्ही बॉनेट उघडलं ते हातात स्क्रूड्रायव्हर न घेता. आधी नुसतं ऐकलंत. मग इंजिन हवा किती जोरात ओढतं ते दाखवणारा तो व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या नळीला, जोडला, काटा चौदाच्या आसपास नि सारखा लटलटतोय. आपण गोव्यात, समुद्राच्या लेव्हलला, इंजिन ठणठणीत असेल तर स्लोला सतरा ते एकवीस इंच (पाऱ्याचे) दाखवायला पाहिजे नि काटा गप्प पाहिजे, एवढं तुम्ही मला सांगितलंत, बाकी काय काय केलंत ते मला धड सांगताही येणार नाही. कार्ब्युरेटरच्या बुडाशी स्प्रे मारल्याबरोबर इंजिनचा आवाज बदलला एवढं कळलं. तिथलं पॅकिंग हवा खेचत होतं. म्हणजे आठ महिने सगळे मिक्श्चरचा, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू फिरवत बसले नि दुखणं खालीच होतं! कात्रीने शीटमधून नवीन पॅकिंग कापलंत तिथेच उभ्या उभ्या.

पण मला लिहायचंय ते यानंतरचं. मिक्श्चर सेट करायच्या वेळी तुम्ही आतून प्लास्टिकची खुर्ची आणलीत, फडक्याने पुसलीत, गेजसमोर मांडलीत नि बाबांना म्हणालात, ‘काका, हांगा बसात. कांटो तुमी पळयात, हांव स्क्रू घुंवडायतां.’ तुम्हाला एकट्याला दोन्ही जमलं असतं, मी काय आंधळा नाही. गेल्या वर्षीपासून बाबांचे हात थरथरतात, गाडी चालवणं सुटलं, घरात आम्ही त्यांना चहाचा कपसुद्धा भरून देत नाही. आणि तिथे ते पुढे वाकून, चष्मा कपाळावर सारून ओरडतायत, ‘साडेसोळा... सतरा... अजून चड... अठरा, राव राव!’ नि तुम्ही खरंच थांबलात. वर परत विचारलंत, ‘हालता काय?’ बाबा म्हणाले, ‘ना. थीर आसा.’ इतका करकरीत आवाज मी त्यांचा वर्षभरात ऐकला नव्हता.

पैशांचं काही लिहीत नाही, तुम्ही रागवाल. पण हल्ली कुठेही जा, दुकानात, ऑफिसात, म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं सोडून लोक त्याच्या मुलाशी बोलतात, तो समोर बसलेला असला तरी. खरं सांगायचं तर मीही तेच करत होतो. त्या तिसऱ्यावर राग काढतो पण भर रस्त्यात गाडी बंद पडली की बाबांवर खेकसणारा मीच.

परवा मंगेशीला जाऊन आलो, फर्मागुडीचा चढ आरामात, आणि देवळाबाहेर मुद्दाम दोन मिनिटं चालू ठेवली, नुसती गुरगुरत उभी. बाबांची एक वही आहे, पेट्रोल नि किलोमीटर लिहायची. मधली आठ महिन्यांची पानं कोरीच. तुमच्याकडून आलो त्या तारखेला वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय: ‘व्हॅक्यूम १८. काटा मी बघितला.’