तक्रार: इलेक्ट्रॉनिक ड्रम किटच्या क्रॅशवर स्वेल वाजत नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जाहिरातीत दाखवलेला सिंबल स्वेल किटवर न वाजणे, दुरुस्ती किंवा पैसे परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

तुमच्या कंपनीचा इलेक्ट्रॉनिक ड्रम किट मी नवा घेतला. बिलाची प्रत आणि मॉड्यूलचा, म्हणजे पॅडवरच्या घावांचे आवाज काढणाऱ्या डब्याचा, सिरियल नंबर सोबत जोडला आहे. स्नेअर, टॉम, हाय-हॅट यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार क्रॅशची, म्हणजे मोठ्या झांजेच्या पॅडची आहे. तिच्यावर स्वेल, म्हणजे हळू सुरू होऊन भरत जाणारा झांजेचा नाद, वाजत नाही. त्यावर तुमच्या सपोर्टकडून 'वादनतंत्र तपासून पाहावे' असं उत्तर आलं. ते मला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

मी भावगीतांच्या आणि जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांत ड्रम आणि ऑक्टोपॅड वाजवतो. तिथे ड्रमरने धांगडधिंगा करायचा नसतो. अंतरा संपत आला की मऊ मॅलेटनी (गुंडाळलेल्या टोकाच्या काठ्यांनी) झांजेवर रोल, म्हणजे सलग भरभर घाव, सुरू करायचा, ऐकू येईल न येईल असा, आणि गायक मुखड्यावर यायच्या आत तो भरत न्यायचा. बऱ्याच गाण्यांत माझं मोठं काम एवढंच असतं. सोसायटीत खऱ्या झांजेवर रियाज करायची सोय नाही, आणि लहान सभागृहात तिचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो. म्हणून हा किट घेतला. माहितीपत्रकात 'खऱ्या झांजेचा प्रत्येक बारकावा' असं तुम्हीच छापलं आहे, आणि जाहिरातीच्या व्हिडिओत तुमचा वादक मॅलेटनी झकास स्वेल घेताना दिसतो.

माझ्याकडे काय होतं ते सांगतो. मॅलेटनी हळू सुरुवात केली की आधी काहीच वाजत नाही. जरा जोर वाढवला की एकदम टक्-टक्-टक्-टक्, प्रत्येक घाव सुटा, तोही लाकडी स्टिकने मारल्यासारखा. आणखी वर गेलं की एका ठिकाणी नादच बदलतो, जणू मधेच कुणीतरी स्टँडवरची झांज बदलली.

सपोर्टने सांगितलेल्या सेटिंग सगळ्या करून पाहिल्या. थ्रेशोल्ड (किमान किती जोराचा घाव धरायचा ती मर्यादा) खाली आणला तर हळू घाव लागतात, पण मग बास ड्रमचं पेडल दाबलं तरी रॅकच्या हादऱ्याने क्रॅश बोलते. रीट्रिगर कॅन्सल (एकच घाव दोनदा वाजू न देणारी सेटिंग) वाढवला तर रोलमधले घाव गिळले जातात. सेन्सिटिव्हिटी वाढवली तर सगळंच मोठ्याने वाजतं, मग भरत न्यायला उरतं काय?

हात कच्चा आहे की किट, हे ठरवायला मी मॉड्यूल यूएसबीने लॅपटॉपला जोडून तोच रोल मिडीत रेकॉर्ड केला, म्हणजे आवाज नाही, तर कुठला घाव कधी आणि किती जोरात पडला याची नोंद. मिडीमध्ये घावाचा जोर 1 ते 127 असा मोजला जातो. माझा रोल विशीतून सुरू होऊन शंभरीपार सरळ चढत गेलेला दिसतो, मधे कुठे पायरी नाही. तीच फाइल लॅपटॉपवरच्या दुसऱ्या ड्रम सॉफ्टवेअरमधून वाजवली तर बऱ्यापैकी स्वेल ऐकू येतो. तुमच्या मॉड्यूलमधून वाजवली की पुन्हा टक्-टक्. म्हणजे पहिल्या एक-दोन सेकंदांचा दोष पॅडचा धरला, तरी पुढचा सगळा मॉड्यूलमधल्या आवाजाचा आहे. दोन्ही ऑडिओ आणि मिडी फाइल ईमेलने पाठवल्या आहेत.

एवढं ऐकायलाही वेळ नसेल तर तुमच्या इंजिनिअरने फक्त क्रॅश जोरात मारावी आणि ती घुमत असतानाच त्याच पॅडवर हलकी टिचकी मारावी. आधीची घुमणारी क्रॅश तिथल्या तिथे गायब होते आणि टिचकीचा बारीक आवाज तेवढा उरतो. खऱ्या झांजेवर हे होऊच शकत नाही. तिथे नवा घाव आधीच्या कंपनात मिसळतो, जोर साठत जातो आणि वरचे सूर जागे होतात. म्हणूनच स्वेलच्या शेवटी झांज 'श्श्श' करत उजळते, तीही घावानंतर किंचित उशिरा. तुमचं मॉड्यूल मात्र प्रत्येक घावाला आधीचा आवाज कापून नवं रेकॉर्डिंग पहिल्यापासून सुरू करतं. अशाने जगातला कुठलाही ड्रमर यावर स्वेल घेऊ शकणार नाही.

मेनूमध्ये 'स्वेल' नावाचा आवाज आहे हे मला ठाऊक आहे. पॅडवर एक घाव घातला की आधीच रेकॉर्ड केलेला अख्खा स्वेल वाजतो, ठरलेल्या लांबीचा. गायकाने शेवटच्या शब्दावर एक जागा जास्त घेतली की आमचा स्वेल आधीच फुटून मोकळा! व्हिडिओतही नेमका हाच आवाज वापरला असावा असा मला दाट संशय आहे, कारण वादकाचे हात मंदावतात तरी आवाज चढतच राहतो. तसं असेल तर ती सरळसरळ दिशाभूल आहे.

माझी मागणी अशी की फर्मवेअर (मॉड्यूलमधलं सॉफ्टवेअर) अपडेट देऊन नव्या घावाने आधीचा आवाज कापला जाणं थांबवावं, आणि मॅलेटने वाजवलेल्या झांजेचे आवाज त्यात घालावेत. हे 30 दिवसांत जमणार असेल तर तारीख लेखी कळवा. जमणार नसेल तर किट परत घेऊन पूर्ण रक्कम द्या. त्या किमतीचं कूपन किंवा वरचं मॉडेल 'सवलतीत' नको, ते फोनवर दोनदा सुचवून झालं आहे. उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात मला तक्रार करता येते, आणि मी ती करीन.

किट न्यायला माणूस पाठवलात तर दोघांना पाठवा. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे.

आपला,
(सही)
डोंबिवली पूर्व

सोबत: बिलाची प्रत, सपोर्टशी झालेला ईमेल व्यवहार