समुद्र कुठे पळून जातोय?

दोना पावला,
रविवार

प्रिय शमे,

किती दिवसांनी लिहितेय ते मोजू नकोस, भांडण होईल. मी बरी आहे, आईची शुगर आटोक्यात आहे. आता मुद्द्याचं.

हैदराबादला इन्कॉइस या समुद्रमाहिती केंद्रातल्या प्रशिक्षणाला माझी निवड झालीय. आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात आपलं आपण वरखाली करत मोजणारी ती यंत्रं, त्यांच्या आकड्यांसाठी पायथनमध्ये कोड लिहिणं, सगळं तुझ्या आवडीचं. आणि नेमका त्याच पंधरवड्यात संशोधनाच्या बोटीवर एक बर्थ रिकामा झालाय. अरबी समुद्र, पाण्यातल्या ऑक्सिजनवरच काम! माझे गाईड सर म्हणाले, "कोर्सला जा. समुद्र कुठे पळून जातोय?" समुद्र नाही गं पळत, पीएच.डी.ची फेलोशिप पळते. पाच वर्षांचीच असते, आणि माझी उताराला लागलीय.

घरी सांगून उपयोग नाही. बाबांच्या लेखी हैदराबाद म्हणजे प्रमाणपत्र आणि बोट म्हणजे उलट्या. (तुझ्या बाबतीत खरंच होतं ते.)

आपल्या बोटीवरचा तो पांढरा साका आठवतो? खोलवरचं पाणी वर आणणाऱ्या निस्किन बाटलीतून आधी ऑक्सिजनचंच पाणी काढायचं, नळी बाटलीच्या तळाशी, एक बुडबुडा खपत नाही. मग ऑक्सिजन मोजायची विंकलरची दोन्ही द्रावणं. वरच्या पाण्यात तपकिरी साका बसला, आणि अडीचशे मीटरच्या बाटलीत पांढराच राहिला. तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो, हे आपण परीक्षेत घोकून लिहिलेलं. तरी ती बाटली बघायला तू बादली बाजूला ठेवून उठून बसलीस! हे मी सरांना कसं सांगू?

फ्लोट असताना बोट कशाला, हे तुझं म्हणणं निम्मं बरोबर होतं, आज कबूल करते. फ्लोट हजार मीटरवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी दोन हजारांपर्यंत उतरून मोजत मोजत वर येतो. भर पावसाळ्यातही. "त्याला उलटी होत नाही," असं तू म्हणालीस, मी तुला 'कीबोर्डवरची खलाशी' म्हटलं, आणि आपण मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो. पण बाई, त्याच्या ऑक्सिजनच्या सेन्सरचा आकडा हळूहळू चुकत जातो, आणि तो तपासायला शेवटी कुणीतरी पाणी काढून विंकलरच करावं लागतं. ते कुणी शिकायचं? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.च्या कोर्सवर्कला किमान १२ क्रेडिट आहेत. माझे कधीच झाले. संशोधनपद्धती, नीती, संख्याशास्त्र. एकातही पाय ओला झाला नाही. परवा एका ज्युनियरला विचारलं, नमुना कसा घेतलास? म्हणाला, "डाऊनलोड केला." मी पोट धरून हसले. मग रात्री वाटलं, व्हायव्हात मी तरी काय वेगळं सांगणार आहे? बोटीवरचं माझं सगळं काम तुझ्याबरोबरचं, म्हणजे निम्मा वेळ तुझी बादली धुण्यात गेलेला.

उलट कोड आल्याशिवाय तिसरं प्रकरण हलत नाही, हेही खरं. कोर्स पुढच्या वर्षी पुन्हा निघेल, बर्थचं कोण सांगणार? मन बोटीकडे आहे. पण मुदतवाढीच्या अर्जावर सही सरांचीच लागते, त्यांच्याशी वाकडं घेऊन कसं चालेल?

तुझं काय? रत्नागिरीत कायम झालीस का? पोराला दात आले असतील. सासूबाईंना नमस्कार, त्यांचं कोकम संपलं.

शुक्रवारपर्यंत होकार कळवायचाय. गुरुवारी रात्री फोन कर. 'तुझं तू ठरव' एवढंच म्हणणार असशील तर करू नकोस.

तुझी,
रेवा