कंपोस्टच्या डब्याला सुका पाला कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरातील ओल्या कचऱ्याचे घरीच खत करावे, असे आवाहन महापालिका आणि अनेक संस्था सातत्याने करतात व ते रास्तच आहे. मात्र हौसेने डबा आणणारी बरीच घरे महिना-दोन महिन्यांत तो माळ्यावर का टाकतात, याचा विचार या आवाहनांत सहसा दिसत नाही. माझ्या अनुभवानुसार त्याचे कारण बहुधा एकच असते, ते म्हणजे सुका पाला हाताशी नसणे.

मी मुलुंड पूर्वेला राहते. येथील क्षेपणभूमी (डम्पिंग ग्राउंड) २०१८ मध्ये बंद होईपर्यंत खाडीकडून वारा सुटला की खिडक्या लावून जेवायला बसण्याची आमच्या घराला सवय होती. ती बंद झाल्यावर आमची सुटका झाली खरी, पण आमच्या स्वयंपाकघरातील साली आता कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीवर, तेथील रहिवाशांच्या नाकाशी जाऊन कुजतात, ही बोच काही जाईना. म्हणून एका जून महिन्यात मी जुन्या बादलीला भोके पाडून तीत भाजीची देठे, चहाचा चोथा आणि शिळा भात टाकायला सुरुवात केली. दहाव्या दिवशी आंबूस दर्प सुटला, पांढऱ्या अळ्या वळवळू लागल्या आणि बादलीतून झिरपलेले काळे पाणी खालच्या मजल्यावरील काकूंनी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीवर पडले. त्या अळ्या निरुपद्रवी असतात आणि कचरा खाऊन खताला मदतच करतात, हे मला पुढे कळले. परंतु चादर हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या काकूंना ते सांगण्याची माझी छाती झाली नसती.

चूक साधी होती. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर असते, कर्ब (कार्बन) त्या मानाने कमी. नुसता ओला कचरा दाबून भरला की आत हवा खेळत नाही आणि हवेविना वाढणारे जिवाणू त्याचा ताबा घेतात. दुर्गंधी येते ती त्यांच्यामुळे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या क्षेपणभूमीवर भडकलेल्या आगीसारख्या आगींना खाद्य पुरवणारा मिथेन वायूही अशाच हवाबंद कुजण्यातून निर्माण होतो. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारणतः २५ ते ३० ला १ असावे, असे शास्त्र सांगते. घरगुती भाषेत सांगायचे तर एक वाटी ओल्या कचऱ्यावर दीड-दोन वाट्या चुरलेला, कर्ब भरपूर असलेला सुका पाला घालावा. सुरुवातीला विरजणाप्रमाणे थोडे आंबट ताक किंवा मूठभर जुने खत घालावे, तीन-चार दिवसांनी मिश्रण खालीवर करावे आणि मुठीत दाबल्यावर हात ओला झाला तरी पाणी टपकू नये, एवढाच ओलावा राखावा. नारळाची करवंटी व आंब्याची कोय महिनोन्महिने तशीच राहते, ती टाकू नये. मासळीची डोकी आणि काटे तर नवशिक्याने मुळीच घालू नयेत. अडीच-तीन महिन्यांत मातीचा वास येणारे काळे, भुसभुशीत खत हाती येते.

प्रश्न त्या दीड-दोन वाट्यांचा आहे. बाजारात पाल्याऐवजी वापरता येणाऱ्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा मिळतात, पण कचऱ्यासाठी दरमहा पैसे मोजणे किती घरांना परवडेल? दुसरीकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या रस्त्यावरील पर्जन्यवृक्ष, देशी बदाम आणि पिंपळ यांच्या पानांचे ढीग पदपथालगत लागतात. ते एक तर कचऱ्याच्या गाडीत इतर कचऱ्यात कालवले जातात किंवा पहाटे कोणी तरी काडी लावून मोकळा होतो. असा पाला उघड्यावर जाळण्यास घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने मनाई केली, हे त्या काडीला ठाऊक नसावे.

मोठ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा आग्रह पालिकेने २०१७ पासून धरला. त्यासाठी २०,००० चौरस मीटरहून अधिक क्षेत्रफळ किंवा दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा ही मर्यादा ठरवण्यात आली. आमच्यासारख्या सोळा बिऱ्हाडांच्या इमारती तीत बसत नाहीत आणि त्यांना सक्ती करावी, असेही माझे म्हणणे नाही. त्यांना सुका पाला द्यावा, एवढीच विनंती आहे. प्रत्येक वॉर्डातील सफाई कामगारांच्या चौकीवर झाडलोटीतील स्वच्छ पाला, प्लास्टिक वेचून, गोण्यांत भरून ठेवावा आणि मागेल त्या सोसायटीला विनामूल्य द्यावा. हे काम मार्च-एप्रिलमध्येच व्हायला हवे, कारण पाल्याची खरी निकड पावसाळ्यात असते आणि तेव्हा रस्त्यावर सापडतो तो भिजून लगदा झालेला पाला.

आमच्या इमारतीत आता पाच घरे खत करतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही आठ गोण्या पाला जिन्याखाली रचून ठेवला होता, तो जेमतेम गणपतीपर्यंत पुरला. त्यातील दोन गोण्या खालच्या काकूंच्या होत्या.

आपली नम्र,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई